लुगडं धुतल्यावर

माझ्यासोबत काय झालं ते मी इथं सांगत बसणार नाही. ते बायकांना सांगावं लागत नाही. पण त्यानंतर जायचं कुठं, हे आमच्या दर्यापूरकडच्या गावात तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तेवढं सांगते.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. कापूस वेचायला गेलो होतो, तिथं मालकाच्या मुकादमानं मला एकटीला गुरांच्या कोठ्याकडं बोलावलं. मोठी जाऊ शेजारची ओळ वेचत होती. माझी ओळ अर्धवट पडलेली दिसली तशी ती शोधत आली आणि काही न विचारता मला धरून घरी घेऊन आली.

सासूनं आधी चुलीवर पाणी ठेवलं. आम्ही बौद्ध झालो, घरातले देव नदीत सोडले, पण बाहेरून काही वाईट घडून माणूस आलं की आधी आंघोळ, हे काही सुटलं नव्हतं. तिनं मला नाहू घातलं आणि माझं लुगडं स्वतः दगडावर घासून घासून धुतलं. केलं ते मायेनंच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं आम्ही तिघी अमरावतीला बायकांच्या दवाखान्यात गेलो. दारातल्या नर्सला जाऊ म्हणाली, हिचं पोट दुखते. असं सांगून पुढं काय औषध मिळणार होतं? मग मीच बोलले.

"पोट नाई दुखत. मुकादमानं माह्यावर जबरदस्ती केली."

नर्सनं मला पडद्याआड नेलं, आधी चहा पाजला. डॉक्टरीणबाईंनी दर वेळी विचारून मगच हात लावला. अंगावरच्या खुणा लिहून घेतल्या, सुई दिली, पाळी चुकली तर लगेच ये म्हणाल्या. मग त्यांनी कपडे मागितले. सासूची मान खाली गेली.

"मीच धुतले, बाई."

"धुतले तर धुतले," बाई म्हणाल्या. "ही आली ना. आता इथूनच ठाण्यावर जा."

मला वाटलं, लुगडं धुतलं तिथंच सगळं संपलं. ठाण्यातला हवालदारही तेच म्हणाला, धुतलेल्या लुगड्याचा काय पुरावा? तशी सासू त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"ज्या हातानं धुतलं त्या हाताले इचार ना बापू. कुठं फाटलं होतं, कुठं रक्त होतं, म्या पाह्यलं. लिही."

त्यानं लिहिलं. पुढं कोर्टातही ती तेच बोलली. मुकादमाच्या वकिलानं टोमणा मारला, अशी सून घरात कशी ठेवली म्हणे. सासू म्हणाली, "घर माहं हाये, ते मी पाहून घेईन. तू लुगड्याचं इचार." न्यायाधीशांनीही हसू दाबलं, मी पाहिलं. मुकादमाला सजा झाली. कमी झाली असं मला वाटलं, पण झाली.

नंतर आजूबाजूच्या बाया आमच्याकडं येऊ लागल्या. कोणी दुपारी पाणी प्यायच्या निमित्तानं यायची आणि बसूनच राहायची. आम्ही ओळखायचो आणि तिला घेऊन आधी दवाखान्यात, मग ठाण्यावर जायचो. एकदा अकोल्याहून जावेच्या बहिणीचा निरोप आला की तिच्या शेजारणीवर तसाच प्रसंग आला आहे. मी अजून भाकरी थापत होते. सासूनं पायात चपला घातल्याही होत्या.

"राहू दे त्या भाकरी," ती म्हणाली. "अकोल्याची मोटार निघून जाईन ना."