पोळ्यातली मानाची जोडी

हे मी कोणालेच सांगितलं नाही. बायकोले नाही, मायलेही नाही. आता तुमाले सांगून राह्यलो — काऊन, ते विचारू नका. थकलो, एवढंच.

बासष्टच्या लढाईत मी अन् दिगू एकाच खंदकात होतो. दोघंही सोनाळ्याचे. आमची थंडी म्हणजे शेकोटीपुरती. तिथं बर्फानं दिगूचे पाय काळे पडले. बूट काढून, पायाले पोत्याचे तुकडे गुंडाळून तो पडला होता.

लोक म्हणतात, सैनिक मरणाले भेतात म्हणून पळतात. तसं नसते राजेहो! 'पळा' असं कोणीच म्हणत नाही. पोटात अन्न नाही, साहेबाचा पत्ता नाही. शेजारचा खंदक पाहाले गेलो — रिकामा. त्याच्या पलीकडचा — तोही. मग वाटते, मी एकटाच येडा काय बे? अन् पाय आपोआप निघतात. पण हे तं साऱ्यांचंच झालं. माझं वेगळं आहे.

मागच्या छावणीत साहेबानं विचारलं, जागा काऊन सोडली? मी म्हटलं — दिगू आधी पळाला, त्याले वापस आणाले मी निघालो. असं काऊन म्हटलं? तो सांगाले येणार नाही, हे ठाऊक होतं म्हणून. दुसरं काय!

गावातही तेच सांगितलं. पोळ्याले तोरणाखालून पहिली जोडी दिगूच्या बापाची, शिवरामकाकाची, जायची, त्यांच्या आजापासूनचा मान. त्या वर्षी गावानं तो काढून माझ्या बैलांले देला. शिवरामकाका आपली जोडी घेऊन रांगेच्या शेवटी उभे राह्यले. मी झूल सावरत पुढं गेलो. लाज नाही वाटली? वाटली ना. तरी गेलो — दर वर्षी गेलो.

मरायच्या आधी काकांनी मले बोलावलं. वाटलं, आता शिव्या देतीन. ते एवढंच म्हणाले, "बाप्पा, दिगू पळाला तवा त्याच्या पायात बूट तं होते ना? बर्फ होता म्हणतेत."

"हाव काका, होते," म्हटलं. त्यांनी डोळे मिटले.

दिगूले उभंही राहता येत नव्हतं. माझे बूट फाटले होते, म्हणून त्याचे घालून मी निघालो. तो जागा होता. मी मदत आणाले चाललो, असं समजला असन.

"नाडी घट्ट बांध बे," म्हणाला, "पाय घसरन."