लायसन्स संपलं, गेम जमा

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो! लूमखाली धाग्यांचा कचरा साचतो तसे ते आपोआप साचतात. आमचंच बघा. मी बँकेत, भटू कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात, जिग्नेश साडीच्या दुकानात. कॉलेजपासून दर रविवारी सुरतेत, गोडादऱ्यात भटूच्या खोलीवर एकच जुनी कार-रेसिंगची गेम खेळतो. भटूचा कम्प्युटर बसला, त्याने नवा घेतला आणि त्याच आठवड्यात बातमी आली, गेम ऑनलाइन स्टोअरमधून जाणार! विक्री तर बंदच. आधी घेतलेल्यांनी रविवारी पाचच्या आत उतरवून घ्यावी, नंतर त्यांनाही मिळणार नाही. आणि आमच्यात ती घेतलेली फक्त भटूने!

*

भटूचे काका लिंबायतला रिक्षा चालवतात. म्हणाले, "चांगली चालती गेम काढतात कशाला?"

मी म्हटलं, "काका, त्यातल्या गाड्या खऱ्या कंपन्यांच्या. त्या दाखवायचं लायसन्स संपलं."

काका चप्पल घालायलाच लागले. "मग आरटीओत चला ना! आपला एजंट ओळखीचा आहे!"

*

गाण्यांचंही तसंच असतं. आमच्या दुसऱ्या एका गेममधल्या गाण्यांचा करार संपला, तर कंपनीने गेम ठेवली आणि गाणी काढून टाकली. नुसती इंजिनची घरघर! जिग्नेश म्हणाला, "टेन्शन नय, हुं गाउं छुं ने!" आणि त्याने गरबा सुरू केला.

पहिल्याच वळणावर गाडी दरीत. पट्ठ्याने दोन्ही हात सोडून टाळी दिली होती!

*

कधी कधी कंपनी जुनी गेम काढते आणि तीच रंगरंगोटी करून नवी म्हणून विकते. जिग्नेश भयंकर चिडला. "आ तो चीटिंग छे!"

सकाळीच बारडोलीच्या एका बाईंनी त्याच्याकडे मागच्या वर्षीची साडी मागितली होती. त्याने बाईंना दिलेलं उत्तर भटूने शांतपणे त्यालाच ऐकवलं, "बेन, ए डिझाइन बंद थई गई. आ नवी जुओ, एनाथी भारी छे!"

*

आणि तो रविवार! पावणेपाच वाजलेले. भटूने खातं उघडायला घेतलं, तर ओटीपी गेला त्याच्या जुन्या नंबरवर. तो फोन अमळनेरला आईकडे!  इतक्या वर्षांचे रविवार त्या एका आकड्यावर अडकलेले. भटूने फोन स्पीकरवर टाकला.

"माय, मेसेज उना व्हई. नंबर सांग."

"नही सांगाऊ. ओटीपी कोनलेच देवाना नही, तूच सांगेल शे."

"माय, मीच शे! भटू!"

"चोर बी आसंच म्हनतस. आवाज काढतस."

जिग्नेश नखं खायला लागला. भटू ओरडला, "माय, पाच वाजी ऱ्हायनात!"

"तू मना आंडोर, मना पोऱ्या शे त सांग, मी रोज फोनवर पहिले काय इचारस?"

भटू ब्लँक! आमच्याकडे बघायला लागला. दर रविवारी तिचा फोन ऐकणारे मी आणि जिग्नेश एकदमच ओरडलो, "जेवना का?"

 मग माउलीने एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. खातं उघडलं, गेम उतरायला लागली. आम्ही खाटेवर चढून नाचलो! फोन कट करायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही.

आमचा गोंधळ जरा थांबला तेव्हा स्पीकरमधून आवाज आला, "आते सांग. जेवना का?"