चतुर्दशी की अमावास्या

बोट धक्क्यावरून सुटली तेव्हा आईने मागे वळून पाहिलं नाही. ती डेकवर आमच्या ट्रंकेवर बसली होती, मांडीवर माझा धाकटा भाऊ माधव, आणि माझा हात तिने इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला. मी मात्र पाहत होते. पोर्ट ब्लेअरचा धक्का, चढणीवरची पत्र्याची घरं, त्यांच्या वर तुरुंगाची लांबलचक इमारत. युद्ध संपलं होतं. जपानी सैन्य गेलं होतं, इंग्रज परत आले होते, आणि ज्यांना मुख्य भूमीवर जायचं त्यांना बोटीत जागा मिळत होती. आम्ही तिघं निघालो होतो. चौथा मागे राहिला होता, आणि तो नक्की कुठे आहे हे आईला त्या बोटीवरच कळलं.

ईशान, मीरा, परवा तुम्ही व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबाला, आनंदला, श्राद्धाला पाटावर बसलेलं पाहिलंत. मीराने विचारलं, "हू इज धिस फॉर, आजी?" आणि ईशानने विचारलं की त्याआधी पंधरा दिवस माधवआजोबा माझ्यावर का रागावले होते. फोनवर मी थोडक्यात उत्तर दिलं. नीट सांगायचं तर बोटीपासून सुरुवात करायला हवी. मराठी वाचताना अडलात तर बाबाला विचारा.

माझे वडील वासुदेव जंगलखात्याच्या ऑफिसात कारकून होते. मूळचे रत्नागिरीचे, नोकरीसाठी अंदमानात गेलेले. संध्याकाळी ओसरीवर शेजारच्या मुलांना इंग्रजी शिकवायचे. जपानी आले तेव्हा सुरुवातीचे काही दिवस बरे गेले असं आई सांगायची. मग कोंबड्या नेणं, वाकून नमस्कार केला नाही म्हणून थोबाडीत मारणं, हे रोजचं झालं. पुढे समुद्रात इंग्रजांच्या बोटी बुडेनात आणि जपान्यांच्या बुडू लागल्या, तेव्हा कुणीतरी बातम्या पोचवतंय असं त्यांच्या मनाने घेतलं. बातम्या कोण पोचवणार? ज्याला इंग्रजी येतं तो. डॉक्टर, मास्तर, कारकून, एकेकाला उचलून त्या तुरुंगात नेऊ लागले. उलटं टांगून मारायचे, पोटात पाणी भरायचे, आणि दुसऱ्याचं नाव घेतल्याशिवाय थांबायचे नाहीत. बाबांचं नावही असंच कुणीतरी घेतलं. त्या माणसाला आईने कधी दोष दिला नाही. "त्याच्या जागी कोणीही घेतलं असतं," एवढंच म्हणायची.

बाबांना दुपारी नेलं. ते विहिरीवर पाणी काढत होते. मी पाच वर्षांची होते. मला आठवतं ते इतकंच की दोर सुटला आणि घागर खाली गेल्याचा आवाज आला. झटापटीत त्यांचा चष्मा चिखलात पडला. माधव तेव्हा आईच्या पोटात होता.

शेवटी शेवटी बेटावर अन्न उरलं नाही. तेव्हा ज्यांचा काही उपयोग नाही अशा लोकांना, दुसऱ्या बेटावर शेतीला जमीन देतो म्हणून बोटीत बसवून नेलं आणि किनारा दिसायच्या आत समुद्रात ढकललं. आमच्या समोरचं म्हातारं जोडपं असंच गेलं. म्हातारी आईला सांगून गेली होती की भोपळ्याचं बी घेतलंय बरोबर.

बोटीवर रामदीनचाचा होते, हॉस्पिटलातले कंपाउंडर. तेही तुरुंगात होते, जिवंत सुटले. त्यांनी आईला सांगितलं की बाबांना आणि बऱ्याच जणांना हात बांधून लॉरीतून गावाबाहेर नेलं, खड्डे आधीच खणून ठेवले होते, आणि तिथे गोळ्या घातल्या. आईने विचारलं, तुम्ही पाहिलंत का. त्यावर ते म्हणाले, "मिट्टी मैंने डाली, भाभी. मुझसे डलवाई."

आईने माधवला मांडीवर नीट घेतलं. मग तिने विचारलं, त्यांना चष्मा होता का. रामदीनचाचा म्हणाले, नाही. "बरं झालं," आई म्हणाली, "त्यांना नीट दिसलं नसेल."

रत्नागिरीला आम्ही माझ्या काकांकडे राहिलो. माणसं वाईट नव्हती. आमच्या ताटात कमी पडलं नाही. पण माझं इंग्रजी शिक्षण पुढे चालवायचं की नाही यावर बोलणी झाली, कारण त्याच पायी भाऊ गेला असं काकांना वाटत होतं. तिथे आईने तोंड उघडलं. "ज्या इंग्रजीपायी त्यांना नेलं, ती ह्या घरातून जाता कामा नये." म्हणून मी बी.ए. झाले, म्हणून इथे बहरीनला शाळेत शिकवू शकले, आणि म्हणून तुम्ही दोघं मला इंग्रजीत उलट उत्तरं देऊ शकता.

बेपत्ता माणसासाठी पाहतात तशी बारा वर्षं वाट पाहून काकांनी बाबांचं श्राद्ध सुरू केलं, सर्वपित्री अमावास्येला. पितृपंधरवड्यात ज्याची जी तिथी त्या दिवशी त्याचं श्राद्ध. तिथी माहीत नसेल तर अमावास्या. आईने स्वयंपाक करून दिला, पण कुंकू पुसलं नाही. मरेपर्यंत लावलं. काकांनंतर अमावास्या माधवकडे आली. आई गेल्यावर त्याने तिचं श्राद्ध अविधवा नवमीला करायला सुरुवात केली. नवऱ्याच्या आधी, सवाष्ण म्हणून जी बाई जाते तिचा तो दिवस. कोणी विचारलं नाही. आमच्या नात्यात अशा गोष्टी विचारत नाहीत.

मी इथे आले ती तुमच्या आजोबांच्या मागून. त्यांना इथल्या मीना सलमान बंदरात जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी होती. पोर्ट ब्लेअर सोडताना माझा हात धरायला आई होती. इथल्या विमानतळावर मीच आनंदचा हात धरून उभी होते, आणि अंगावर आली ती ओव्हन उघडावा तशी हवा. इथल्या मराठी मंडळाच्या पहिल्या हळदीकुंकवाला सगळ्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या? मी रत्नागिरी सांगितलं. नंतर इतकी वर्षं तेच सांगत आले. पोर्ट ब्लेअर म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, वडील काय करत होते, आणि हातात तिळगूळ घेऊन त्याचं उत्तर देता येत नाही.

यंदा माधवचा फोन आला. गुडघे गेलेत, पाटावर बसवत नाही, त्याचा मुलगा जर्मनीत, त्याला यातलं काही नको. "आईची नवमी मी खुर्चीत बसून उरकीन. बाबांचं यंदापासून आनंदकडे दे," म्हणाला. "मुलीच्या मुलाला चालतं. मी विचारलंय."

मी म्हटलं, देते, पण अमावास्येला नाही. चतुर्दशीला. शस्त्राने मारले गेलेल्यांचा तो दिवस, पंचांगात स्पष्ट छापलेला असतो. अमावास्या म्हणजे आम्हाला माहीत नाही असं सांगणं. आम्हाला माहीत आहे. आई गेल्यावर मी रामदीनचाचांचं सगळं बोलणं माधवला सांगितलं होतं.

तो एकदम थंड आवाजात म्हणाला, "आणि नवमीचं काय करायचं, ताई?"

मला आधी कळलं नाही.

"बाबांना तेव्हाच मारलं असं तू भटजीसमोर म्हणणार. मग आई चाळीस वर्षं कोण होती? मेल्यावर तिला विधवा करायला निघालीस तू."

मी काहीतरी बोलायला गेले. तो म्हणाला, "तू बाबांना पाहिलंस. मी नाही पाहिलं. आईचं कुंकू पाहिलंय मी." आणि फोन ठेवला. माधव माझं बोलणं तोडून फोन ठेवणारा माणूस नाही. पंधरा दिवस त्याने उचललाही नाही. दोघांनी पंच्याऐंशीच्या आसपास पोचल्यावर अबोला धरणं परवडत नाही, कारण सोडायला वेळ मिळेलच असं नाही. हे मला दिसत होतं आणि तरी मी हटायला तयार नव्हते.

घरातही अमावास्येलाच मतं होती. ती शुक्रवारी येत होती, सगळ्यांना सुट्टी. चतुर्दशी गुरुवारी. "आई, शुक्रवारी करून टाकू ना, खलास," आनंद म्हणाला. इथला आमचा भटजी मिलिंद, बँकेत ऑडिटर; तोही शुक्रवारवाला. पण सनद भागातल्या आमच्या घरी येऊन बसला, चहा घेतला आणि ऑडिटरसारखं विचारलं. "आजी, चतुर्दशीला नैसर्गिक मृत्यूवाल्यांचं करत नाहीत. शस्त्रानेच मृत्यू झाला हे तुम्ही खात्रीने सांगता का?"

आनंद समोर होता, तुमची आई सुप्रिया दारात उभी होती. त्या दोघांना "युद्धात गेले" इतकंच माहीत होतं. मी सांगितलं. विहीर, तुरुंग, लॉरी, खड्डे, माती कोणी टाकली ते. आवाज चढवला नाही. इतक्या वर्षांत मी ते सबंध वाक्यांत फक्त एकदा, माधवलाच सांगितलं होतं.

मिलिंदने मान हलवली. मग वहीतला मेळ बसू नये तसा चेहरा करून म्हणाला, "पण माधवमामा तुमच्या आईंचं अविधवा नवमीला करतात ना? दोन्ही एकदम जमत नाही."

तेव्हा मला काकूच्या स्वयंपाकघरातली एक सकाळ सांगावीच लागली. आम्ही रत्नागिरीला आलो त्याच आठवड्यातली. काकू हळू आवाजात म्हणाली होती, वहिनी, आता कुंकू पुसायला हवं, लोक बोलतात. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "ज्यांनी नेलं त्यांनी दाराशी येऊन सांगावं, आम्ही मारलं म्हणून. मग पुसते."

कोणी आलं नाही. म्हणून पुसलं नाही.

आनंदने विचारलं, "हे माधवमामाला माहीत आहे?"

मला वाटत होतं, आहे. पण माधव तेव्हा पाळण्यात होता. मोठा होताना त्याने कुंकू पाहिलं आणि ती वाट बघतेय असं धरून चालला. तिने त्याला कधी सुधारलं नाही आणि मलाही कधी सुचलं नाही. आनंदने स्वतःच्या फोनवरून डोंबिवलीला माधवला लावला, कारण माझा नंबर तो उचलत नव्हता. मी आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"हे आई म्हणाली?"

"काकूला. चुलीसमोर. मी ताट घेऊन बसले होते."

 मग तो म्हणाला, "म्हणजे ती वाट बघत नव्हती."

"बाबांची नव्हती."

"बरं," माधव म्हणाला. "नवमी नवमीला, चतुर्दशी चतुर्दशीला. आणि त्या ऑडिटरला सांग, मेळ बसतो."

गुरुवारी आनंदने हाफ डे घेतला. मिलिंद लॅपटॉपच्या बॅगेत धोतर घालून लंच ब्रेकमध्ये आला. केळीची पानं मल्याळी दुकानातून आली, अळू मिळालं नाही म्हणून सुप्रियाने पालकावर भागवलं. माधव डोंबिवलीहून स्क्रीनवर, आंघोळ करून, खुर्चीत ताठ बसलेला. टोरांटोला पहाट, मेलबर्नला संध्याकाळ, तरी तुम्ही दोघं आलात तेही मी पाहिलं.

संकल्पाआधी मिलिंद थांबला. संकल्पात आपण कुठे बसलोय ते उच्चारावं लागतं, मगच पुढे. त्याने विचारलं, "आजी, स्थळ काय म्हणू? रत्नागिरी? की पोर्ट ब्लेअर, जिथे गेले ते?"

मी म्हटलं, जिथे बसलोय ते म्हणा.

मग तो म्हणाला, बहरीनदेशे, सनदग्रामे. स्क्रीनवरून माधवने विचारलं, "सनद म्हणजे तुमचं हेच ना, ताई?" हेच, मी म्हटलं. त्यानंतर मिलिंदने बाबांचं नाव घेतलं आणि शस्त्राने हत झालेले असं म्हणाला, खणखणीत, खिडकी उघडी होती.

माझ्यानंतर आनंद करील. त्याच्यानंतर तुम्ही कराल की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी बांधून घालत नाही. केलंत तर मेलबर्नला असाल तेव्हा मेलबर्न म्हणा, टोरांटोला असाल तेव्हा टोरांटो. रत्नागिरी म्हणायची गरज नाही. फक्त त्यापुढे वासुदेव हे नाव आलं पाहिजे, आणि ते कसे गेले ते गाळायचं नाही. जिथून हे मोठ्याने म्हणता येतं, त्याला मी घर म्हणते.