पद्माची माशी आणि चार वाट्या

पद्माला थोर संशोधक म्हणू नका. तुम्ही तिला होऊ दिलं नाहीत.

ती आज सकाळी गेली. दुपारपर्यंत आपल्या जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर ‘थोर संशोधक गेली’ आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. आमचे तेव्हाचे विभागप्रमुख, नव्वदीला टेकलेले सर, त्यांचाही मेसेज आला. ‘एक शिस्तप्रिय सहकारी गमावली.’

शिस्तप्रिय!

सर, निष्काळजीपणाचा मेमो तुम्हीच दिला होतात तिला.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. मी आणि पद्मा एकाच कॉलेजात झूऑलॉजीच्या डेमॉन्स्ट्रेटर. दोघीही टेम्पररी.

तिची आई नरसम्मा विड्या वळायची. त्या विड्यांवर पद्मा एम.एस्सी. झाली.

एका पावसाळ्यात, बार्शीच्या पुढं बालाघाटच्या रानात, कुजक्या खोडावर तिला एक माशी सापडली. तिळाहून लहान. कुठल्याच पुस्तकात बसेना.

मला ओढत मायक्रोस्कोपपाशी नेलं.

"बघ की, मागच्या पायावर कसली केसं हायत! असली कुनाचीच न्हाईत."

"मग आता?"

"आता वर्णन लिहायचं. नरसम्माचं नाव द्यायचं तिला. आईला वाचता येत न्हाई, पण नाव तर छापून येईल की."

नव्या जातीचं वर्णन म्हणजे निबंध नव्हे. पायावरचा केस न् केस मोजायचा, पंखातली शीर न् शीर काढायची. पद्माची दोन वर्षं त्यात गेली. आणि ज्या माशीवरून वर्णन केलं, ती म्युझियममध्ये जमा करावी लागते. माशी नाही तर नाव नाही.

तिच्याकडे चारच होत्या. टाचण्यांना टोचलेल्या कागदाच्या बारीक त्रिकोणांवर डिंकानं चिकटवलेल्या. पेटी जुनी, झाकणाला फट. नवी मागितली तर सर हसले होते. "माश्यांना कसली पेटी?"

लॅबमध्ये मुंग्यांचा सुळसुळाट. म्हणून पद्मानं घरी दुभत्याच्या कपाटाला करतात तेच केलं. पेटी स्टुलावर, आणि स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत.

एका शनिवारी युनिव्हर्सिटीची कमिटी येणार होती. म्युझियमला पार्सल पाठवायच्या आधी आणखी एखादी माशी मिळते का बघायला पद्मा रजा टाकून रानात गेली होती.

सर राउंडला आले.

"ही लॅब आहे की स्वयंपाकघर? आधी त्या वाट्या काढा."

वाट्या निघाल्या. कमिटी आली, चहा-चिवडा झाला, सगळे घरी गेले. वाट्या परत ठेवायचं कुणालाच सुचलं नाही.

सोमवारी पद्मानं पेटी उघडली.

टाचण्या तशाच उभ्या. खाली तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. माश्या नव्हत्या. एका कागदावर अर्धा पंख तेवढा होता.

ती रडली नाही. स्टुलाखाली वाकून बघत राहिली.

मग सरांची केबिन.

"कॉलेजचं मटेरियल असं उघड्यावर ठेवता?"

"वाट्या ठेवल्या हुत्या, सर."

"कुठे आहेत?"

सर माझ्याकडे वळले. "काय हो मॅडम, होत्या का वाट्या?"

त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. मला परमनंट करायचा कागद त्यांच्या सहीसाठी थांबला होता, हेही दोघांना माहीत होतं.

मी म्हणाले, "मी नीट पाहिलं नाही, सर."

पद्मानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मेमो घेतला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला.

पुढं कितीतरी पावसाळे ती त्या रानात गेली. माशी पुन्हा दिसली नाही. नरसम्मा गेली, तिचं नाव कुठेच छापून आलं नाही. पद्मा माझ्याशी आयुष्यभर बोलली, डबाही वाटून खाल्ला. त्या दिवसाबद्दल मात्र एक शब्द काढला नाही. आरडाओरडा केला असतास तर बरं झालं असतं गं.

इतकी वर्षं मी सरांच्या नावानं बोटं मोडली. आजही वर लिहिताना तेच केलंय. ते सोपं पडतं.

सर, तुम्ही वाचत असाल. ग्रुपवरचे सगळेच वाचत असतील. वाट्या होत्या. चारही, पाण्यानं भरलेल्या. काढायला तुम्ही सांगितलंत आणि काढल्या मी. धुऊन कपाटात ठेवल्या. पद्मा निष्काळजी नव्हती.

पद्मे, तुला शेवटचा नमस्कार.

हे त्या केबिनमध्ये, तू शेजारी उभी असताना बोलायचं होतं.