मनकर्णाची शिवनीची वाट

नागपूरच्या इंदोऱ्यातल्या त्या घराला दसऱ्याच्या आसपास कुलूप कधी लागलं नाही. दीक्षाभूमीवर येणारी माणसं अकोल्याहून, बुलढाण्याहून, कुठल्या कुठल्या खेड्यांतून यायची. कोणी नात्यातलं असायचं, कोणी नात्यातल्याच्या गावचं. त्यांना अंगणात सतरंज्या टाकून दिल्या की मनकर्णा मोठ्या गंजात वरण शिजवायला बसायची. पाहुणे जेवता जेवता रस्त्याच्या गोष्टी सांगायचे. कुठे नदीला पाणी होतं, कुठे गाडी फसली, कुठल्या गावात लोकांनी चहा पाजला. मनकर्णा वाढता वाढता ऐकायची.

सत्याहत्तर सालचा दसरा झाला. पाहुणे जयभीम करून गेले. मनकर्णानं गंज घासून पालथा घातला, अंगण सारवलं, हात पुसले आणि ओट्यावर बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "अवो, आपण शिवनीले जाऊ. मोटारीनं. रस्ता पाहत पाहत."

आनंदरावांनी विडी तोंडातून काढली. "शिवनीले? कोण हाय तिथी आपलं?"

"कोणीच नाई."

"मंग काम काय?"

"काम नाई. पाहाले जायचं."

असं उत्तर त्या घरात आजवर कोणी दिलं नव्हतं. आनंदरावांनी विडी विझवली नि उठून चहाच्या टपरीकडे निघून गेले.

मनकर्णा तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे होती. लग्न, मयत आणि बाळंतपण, या तीन कारणांवाचून तिनं कधी नागपूर सोडलं नव्हतं. त्यातही एस.टी.त मांडीवर कोणाचं तरी लेकरू, पायाशी पिशवी आणि खिडकी दुसऱ्याची. ती गांधीबागेतल्या एका कापड दुकानासाठी परकर शिवायची. मशीन दाराशी मांडलेली होती, आणि दारासमोर थोड्या अंतरावर कामठी रोड. त्या रोडनं ट्रक शिवनीवरून जबलपूरकडे जायचे. वीस वर्षं त्यांतला एक ट्रक आनंदराव चालवायचे.

दोन दिवस गाडीवर, एक दिवस घरी, असं त्यांचं चालायचं. घरी आले की झोपून उठायचे, चहा घ्यायचे आणि मशीनशेजारी बसून बोलायचे. "मनसर सोडलं ना, का तलाव लागते. कमळं अशी का पाणीच नाई दिसत." नाहीतर म्हणायचे, "खवाशाच्या पुढे घाट हाय. सागाच्या झाडाइतून रस्ता असा वळत जाते, जसा कोणी फेटा सोडून टाकला." मनकर्णाचा पाय मशीनवर थांबायचा. मग गेल्या वर्षी आनंदरावांच्या उजव्या गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, जड गाडी आता बंद. तेव्हापासून माणूस ओट्यावर बसला तो बसलाच. गोष्टीही बंद झाल्या.

मनकर्णाला वाटलं, गोष्टी संपल्या तर संपल्या, रस्ता तर जागेवरच आहे.

शेजारच्या भीमाबाईला तिनं सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "कोणी मेलं का वं तिकडे?"

"नाई."

"लगन?"

"नाई वं. खिडकीपाशी बसाचं अन् पाहाचं."

"लोक म्हणतील, बाईले फार झालं." भीमाबाई निवडलेले तांदूळ पुन्हा निवडू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "गाडीत जागा किती राहते?"

गाडी मात्र कुठे होती! आनंदरावांच्या हाताखाली पूर्वी क्लीनर असलेला गोविंदा आता भैयाजी शेठची मेटॅडोर चालवत होता. हे भैयाजी म्हणजे तेच, ज्यांच्यासाठी मनकर्णा परकर शिवायची. शिवलेला माल पोचवायला गेली तेव्हा तिनं गादीसमोर उभं राहून सरळ विचारलं, "शेठजी, दोन दिवस गाडी पाहिजे. गोविंदा चालवन."

भैयाजींनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठी जाता बाई?"

"शिवनीले."

"अरे वा! मंग तं झालंच. शिवनीच्या दुकानाचे गठ्ठे पडून हायेत माझ्याकडे. ते तिथी पोचवून द्या. गाडी माझी, डिझल माझं."

दुकानातला नोकर म्हणाला, "बाई, नशीब काढलं." पण मनकर्णाचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदा ती बिनकामाची निघाली होती आणि गादीवर बसल्या बसल्या या माणसानं तिला काम लावून दिलं. ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"शेठजी, गठ्ठे नेईन. पण गाडी मी म्हणन तिथी थांबन, अन् मी म्हणन तवाच निघन. गोविंदाले तसं आत्ताच सांगा, माझ्यासमोर."

"अवो, पण माल वेळेवर—"

"माल पोचन. कवा पोचन ते मी सांगन. पटत नसन तं मी दुसरी गाडी पाहतो."

दुसरी गाडी कुठलीही नव्हती. भैयाजी हसले आणि त्यांनी गोविंदाला हाक मारली.

घरी येऊन मनकर्णानं शिवणाच्या खडूनं फरशीवर रस्ता काढला. कामठी, कन्हान नदी, मनसर, देवलापार, खवासा, घाट, शिवनी. येताना जमलं तर पारशिवनीचा फाटा. थांबायच्या जागी तिनं फुल्या मारल्या. मग नवऱ्याला हाक दिली, "तलाव कोणत्या बाजूले लागते? डाव्या का उजव्या?"

"लागते तिकडे कुठीतरी."

"वीस वर्स गेले ना तुम्ही?"

"डोकं नको खाऊ." आनंदराव आत गेले.

असं दोन-तीनदा झालं. घाटात गाडी थांबवायला जागा कुठे आहे, विचारलं तर त्यांना खोकला यायचा. देवलापारचा बाजार रस्त्यावर भरतो का, विचारलं तर टपरी आठवायची. निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी सांगून टाकलं, "तुम्ही जा. मी नाई येत. पाय दुखते."

"मंधात बसा, मी पायाखाली गाठोडं देईन."

"नाई येत म्हणलं ना!"

मनकर्णानं कात्री खाली ठेवली. "काहून?"

आनंदराव फरशीवरच्या खडूच्या रेघेशेजारी बसले. मग म्हणाले, "तुले तलाव पाहाचा हाय. मले नाई मालूम तो कोणत्या बाजूनं हाय."

"म्हंजे?"

"माल गांधीबागेतून दिवाबत्तीले भरत होतो. गाडी निघे तवा अंधार. फटफटे तवा घाट मागे राहून जाय. तिकडून येताना बी तसंच. बत्तीच्या उजेडात जेवढा रस्ता दिसे तेवढा मी पाहिला. बाकीचं धाब्यावर दुसरे ड्रायव्हर सांगत, तेच तुले सांगत होतो."

वीस वर्षं मनकर्णानंच दिवे लावायच्या वेळेला त्यांचा डबा बांधून दिला होता. आणि तरी कधी तिच्या मनात आलं नव्हतं, की हा माणूस अंधारात कमळं कशी पाहतो! तिला राग आला, खोटं बोलल्याचा. पण राग धरून ठेवावा तर समोरचा माणूस मान खाली घालून गुडघा चोळत बसलेला.

"मंग मले काहून सांगत होते?"

"तू मशीन थांबवून आयकत होती ना. म्हणून."

तिनं खडू उचलला, मनसरच्या पुढची फुली पुसली आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक फुली मारली. "डावी नाई तं उजवी. पाहू उद्या. तुम्ही बी येऊन राहिले. उजेडात तुम्ही नवे अन् मी बी नवी."

आनंदरावांनी विडीचं बंडल उद्याच्या पिशवीत टाकलं.

सकाळी गोविंदानं मेटॅडोर दारात लावली. मागे कापडाचे गठ्ठे, त्यांच्यावर सतरंजी आणि सतरंजीवर भीमाबाई, मांडीवर भाकरी-झुणक्याचं गाठोडं घेऊन. पुढे गोविंदा, मध्ये आनंदराव आणि खिडकीशी मनकर्णा. खिडकीचा हक्क तिनं कोणाला विचारला नाही. कन्हानच्या पुलावर तिनं पहिल्यांदा गाडी थांबवली. खाली काठानं काशाची पांढरी फुलं वाऱ्यावर झुलत होती. पुढे शेतांत ज्वारी कणसांवर आलेली, बांधाबांधानं तूर पिवळ्या फुलावर आलेली. आनंदराव नव्या सुनेसारखे डावीउजवीकडे चोरून पाहत होते.

मनसर मागे पडलं आणि तलाव काही दिसेना. गोविंदा म्हणाला, "काकू, असं करू. येताना पाहू. उन्हाच्या आधी शिवनी गाठू."

"थांबव गाडी."

"शेठची—"

"शेठनं जबान देली हाय. थांबव."

गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलं तर त्यानं काठीनं झाडांकडे दाखवलं. तलाव रस्त्यावर नव्हताच. आत होता, मातीच्या उंच पाळीच्या मागे. आनंदराव म्हणाले, "तुम्ही या जाऊन." मनकर्णानं भीमाबाईला एका बाजूला घेतलं, स्वतः दुसऱ्या बाजूला झाली आणि दोघींनी मिळून त्यांना पाळीवर चढवलं. वर जाईपर्यंत तिघांनाही दम लागला.

कमळं नव्हती. दोन-चार सुकलेली देठं तेवढी होती. पण पाणी भरून शिंगाड्याचे वेल पसरले होते आणि मासेमारी करणारा एक ढिवर छोट्या डोंग्यात बसून शिंगाडे तोडत होता. त्याच्या हाताच्या हालचालीनं वेल हलायचे आणि मधलं पाणी चमकायचं.

"कमळं नाईत," आनंदराव ओशाळून म्हणाले.

"शिंगाडे तं हायेत," मनकर्णा म्हणाली आणि ढिवराला हाक मारून तिनं ओंजळभर घेतले. पाळीवर बसून तिघांनी ते दातांनी सोलून खाल्ले. कोवळे होते, दुधाळ. भीमाबाईनं गोविंदासाठी पदरात बांधून घेतले.

खवासा ओलांडला आणि घाट सुरू झाला. आता मनकर्णाचं लक्ष बाहेर होतं तसंच नवऱ्याच्या पायाकडेही. वळण यायच्या आधीच आनंदरावांचा उजवा पाय गाडीच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला जायचा, जसा तिथे ब्रेकच आहे. मग वळण यायचं. एकही चुकलं नाही. दुखरा गुडघा, पण पाय दाबतच होता. एका मोठ्या वळणावर कडेला गाडी उभी करण्यापुरती जागा दिसली. "इथी," ती म्हणाली.

सगळे उतरले. रस्त्याच्या कडेला दगड लावलेले होते आणि दगडांपलीकडे जमीनच नव्हती. खाली सागाची आणि बांबूची रानं उतरत गेलेली, मध्ये उभं वाळलेलं गवत सोन्यासारखं. भीमाबाई "अगं माय!" म्हणून मागे सरली.

आनंदराव दगडापाशी गेले. वाकून पाहिलं. मग सावकाश खाली बसले.

"इतकं खोल हाय?" ते म्हणाले.

मनकर्णा त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली.

"बत्ती समोर पडते ना मनकर्णा. बाजूले नाई पडत. मले वाटे, इथी झाडी असन, शेत असन. मी तं एका हातानं विडी पेटवत होतो या वळणावर."

मनकर्णा त्यांच्या बाजूला बसली. या वीस वर्षांत ती किती राती निवांत झोपली होती, मशीनवर परकर अर्धा ठेवून. तिनं त्यांचा हात धरला. भर रस्त्यावर, गोविंदा आणि भीमाबाईसमोर, अशी ती कधी वागली नव्हती. दोघं तसेच बसून राहिले. गोविंदानं दोनदा उन्हाकडे पाहिलं, पण निघू या म्हणायची त्याची छाती झाली नाही.

शिवनीला पोचले तेव्हा दुकान बंद होत आलं होतं. दुकानदार कुरकुरला. मनकर्णानं त्याला सांगितलं, "उशीर माझ्यामुळं झाला, पोराले काई बोलू नका," आणि गठ्ठे मोजून उतरवून घेतले. रात्र धर्मशाळेत काढली. दुसऱ्या दिवशी तिनं शिवनीचा बाजार पाहिला, घाटाखाली सीताफळांच्या टोपल्यांपाशी गाडी थांबवली आणि ठरवल्याप्रमाणे पारशिवनीच्या फाट्यानं आत वळायला लावलं. पेंच नदीच्या पाण्यात पाय बुडवून भीमाबाई पोरीसारखी हसली. त्या नादात उशीर झाला आणि परत मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत अंधार पडला.

गाडीचे दिवे लागले. मनकर्णाला खिडकीतून काही दिसेनासं झालं. ती आत सरकून बसणार, तेवढ्यात आनंदराव सरळ झाले.

"आता पुलिया येईन. हळू घे गोविंदा, पलीकडे गड्डा हाय."

पुलिया आली. पलीकडे खड्डा होता.

"आता गारवा लागन बघ. नाला हाय."

गार वाऱ्याची झुळूक आत आली. मनकर्णानं डोळे मिटून घेतले. आनंदराव बोलत राहिले. इथे उतार, इथे बैलबंड्या बिनकंदिलाच्या निघतात, इथे एका घरात कोणीतरी बासरी वाजवायचं, मग एका साली बंद झाली. यातलं एकही त्यांनी याआधी घरी सांगितलं नव्हतं.

"अन् हे आता डाव्या बाजूले?" तिनं विचारलं.

"डाव्या बाजूचं मले नाई मालूम," आनंदराव म्हणाले. "ते दिवसा येऊन पाहा लागन."

"मंग दिवाळी झाल्यावर," मनकर्णा म्हणाली. मागून भीमाबाईनं गठ्ठ्यांच्या रिकाम्या जागेत पाय पसरले आणि विचारलं, "कोणत्या दिवशी?"