कागदावरची दुसरी इंदुमती

इंदूमावशींइतकी घाबरट बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. त्या माकडांना घाबरत, बैलांना घाबरत, नावेत बसायला घाबरत. सगळं आयुष्य रामघाटावर काढलं, पण गंगा पाहिली ती पायरीवरूनच. कुकरची शिट्टी व्हायची वेळ झाली की स्वयंपाकघर सोडून बाहेरच्या खोलीत येऊन उभ्या राहत. दाराची कडी वाजली की आतूनच विचारत, "कौन? नाम बताओ. किसके घर के हो?" उत्तर पटलं तरी दार उघडताना चेहरा असा, जणू पलीकडे दरोडेखोरच उभा आहे. आणि हे त्या मुळीच लपवत नसत. "मेधा, मला डर लागतोय हं," असं खणखणीत आवाजात सांगत. त्यांच्या तोंडी 'भीती' हा शब्द मी क्वचितच ऐकला. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेल्या घरातलं त्यांचं मराठी, त्यात डरच होता.

बँकेने माझी बदली साताऱ्याहून बनारसला केली, तेव्हा कुणीतरी त्यांचा पत्ता दिला. रामघाटाजवळच्या गल्लीत त्यांचं अरुंद, उंच घर होतं. वरची खोली त्यांनी मला दिली. मधल्या मजल्यावर त्या एकट्या. त्यांचे यजमान वेदपाठशाळेत शिकवत. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. जाण्याआधी त्यांनी घर रीतसर मावशींच्या नावावर करून दिलं होतं. मूलबाळ नव्हतं. मावशी स्वतः मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. खालच्या खोलीत वासुदेव राहायचा. तो लहानपणी बीडकडून पाठशाळेत शिकायला आला, तो इथलाच झाला. आता घाटावर यात्रेकरूंची पूजा सांगायचा. मावशींचं दूध, औषधं, विजेचं बिल, सगळं तोच बघे. त्यांना तो माई म्हणत असे.

एकदा आम्ही भाजीला निघालो होतो. गल्लीच्या वळणावर एक बैल आडवा उभा. मावशींनी माझा दंड असा धरला की त्यांच्या बोटांची थरथर मला जाणवत होती. मी म्हटलं, "परत जाऊ या का? नंतर येऊ." तर म्हणाल्या, "परत कशाला? डरायचंच आहे तर चालता चालता डरू. उभं राहून डरलं म्हणून तो काय हटणार आहे?" आणि भिंतीला पाठ घासत, डोळे मिटून, तोंडाने रामरक्षा पुटपुटत त्या बैलाच्या शिंगांजवळून गेल्या. मला तेव्हा हसू आलं होतं.

नंतरच्या दिवसांत हसण्यासारखं काही उरलं नाही.

एका रविवारी सकाळी खिडकीतून पाहिलं, तर दोन माणसं फीत लावून आमच्या घराची दर्शनी भिंत मोजत होती. मावशींनी वरून विचारलं, "क्या कर रहे हो भैया?" त्यातल्या एकाने हात जोडले. पांढरा शर्ट, कपाळाला चंदन, आवाज अगदी मऊ. "प्रणाम माताजी. मकान तो बिक चुका है न. रजिस्ट्री भी हो गयी. अब बस ये बता दीजिए कि खाली कब कीजिएगा."

मावशींनी खिडकी लावून घेतली आणि पलंगावर बसल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "अगं, मी तर काही विकलं नाही," त्या मलाच समजावल्यासारखं म्हणाल्या. "विकलं असतं तर मला माहीत असतं ना?"

त्या दिवसापासून समोरच्या ओट्यावर रोज कुणी ना कुणी बसू लागलं. ती माणसं काही बोलत नसत, शिवी देत नसत. शेंगा सोलत बसत आणि आमच्या दाराकडे बघत. एकदा मी बँकेतून परतत होते. त्यांच्यातला एक हसून म्हणाला, "मेधाजी, आज देर हो गयी?" मी त्याला माझं नाव कधी सांगितलं नव्हतं. मी वर जाऊन खोलीला आतून कडी घातली. पुढे एका दुपारी मावशी घरात एकट्या असताना बाहेरून कडीला कुणीतरी नवंकोरं कुलूप घातलं. त्यांच्या हाका ऐकून शेजारच्या जोशीकाकूंनी लोहार बोलावून ते तोडलं. मी येईपर्यंत मावशी दारामागे जमिनीवरच बसून होत्या.

वासुदेव म्हणाला, "माई, तुम्ही कोर्ट-कचहरीच्या भानगडीत पडू नका. ही माणसं भली नाहीत. मी बोलतो त्यांच्याशी. दुसरीकडे कुठेतरी सोय करून देतील. सांभाळून घ्यावं लागेल." तो बोलताना सारखा घाम पुसत होता. तो गेल्यावर मावशी म्हणाल्या, "बिचारा वासुदेवपण डरलाय."

मीही डरले होते. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी दुसरी खोली पाहून आले होते. मावशींना ते कळलं. रागावल्या नाहीत. "जायचं असेल तर जा बेटा, तुझी काय चूक? पण जाण्याआधी एक कर. तुझ्या त्या फोनवर बघता येतं का, माझं घर कुणाच्या नावावर आहे ते?"

निबंधन, म्हणजे दस्तनोंदणी, विभागाच्या वेबसाइटवर जिल्हा, तहसील, मोहल्ला भरला आणि पक्षकार म्हणून त्यांचं नाव टाकलं. चाक फिरत राहिलं. मावशी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या, त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. आणि ती ओळ आली. विक्रेता: इंदुमती आगटे. मोहल्ला आमचाच. तारीख चार-सहा महिन्यांपूर्वीची.

मावशींनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवून तारीख पाहिली. "त्या दिवशी मी घरीच होते," त्या हळूच म्हणाल्या. "नागपंचमीच्या आदल्या दिवशी. मी पुरण शिजवत होते."

फोनवर एवढंच कळत होतं, की असा बैनामा, म्हणजे खरेदीखत, नोंदला गेला आहे. आत काय लिहिलंय, ते पाहायला रजिस्ट्री ऑफिसातून सही-शिक्क्याची नक्कल काढावी लागणार होती. मी म्हटलं, वासुदेवला सांगू, तो काढून आणेल. मावशींनी मान हलवली. "नको. तो अजून डरेल. आपण जाऊ."

वासुदेव एका यजमानाकडे मिर्झापूरला गेला होता, त्या दिवशी आम्ही निघालो. ओट्यावरच्या माणसाने विचारलं, "कहाँ चलीं माताजी?" मावशींचा आवाज कापत होता, पण उत्तर मोठ्याने दिलं, "डॉक्टर के यहाँ. छाती धड़क रही है." खोटं नव्हतं ते. मैदागिनपर्यंत चालत, तिथून ई-रिक्षाने वरुणा नदीपलीकडे कचहरीत. रजिस्ट्री ऑफिस तिथेच होतं. रस्ताभर मी मागे वळून वळून पाहत होते. कचहरीत काळ्या कोटांची ही गर्दी, टाइपरायटरांचा खडखडाट, जो तो आमच्याकडे बघून विचारतोय, "क्या काम है?" आम्ही कुणालाच उत्तर दिलं नाही. खिडकीवर अर्ज दिला. फोनवर मिळालेला दस्ताचा क्रमांक आणि वर्ष त्यात लिहिलं, मावशींचं आधार कार्ड जोडलं. दुसऱ्या दिवशी या, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सगळं, तीच धडधड.

खिडकीतल्या बाबूने कागद सरकवले. वर नजर टाकून मावशींकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "माताजी," तो म्हणाला, "ये आप हैं?"

पहिल्याच पानावर फोटो होता. खाली नाव, मावशींचंच. नवऱ्याचं नाव, वय, पत्ता, सगळं बरोबर. फोटो मात्र भलत्याच बाईचा. वाळलेली, गालफडं बसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी. शेजारी तिच्या अंगठ्याचा ठसा. शाळेत आयुष्यभर खडूने सुंदर अक्षर काढणाऱ्या इंदुमतीने म्हणे विकताना अंगठा उठवला होता.

स्वतःच्या नावाखाली दुसऱ्याच कुणाचं तोंड बघणं, तेही सरकारी शिक्क्यासकट. मावशींनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "हिचे डोळे बघ गं. हिलापण कुणीतरी धरून आणलंय."

मी पान उलटलं. शेवटी दोन साक्षीदार. विकणाऱ्या बाईला आपण ओळखतो, असं सांगून सही करणारे. पहिलं नाव अनोळखी होतं. दुसरी सही मराठी वळणाची, ठसठशीत. वासुदेव. बापाचं नाव, मूळ गाव, आणि राहण्याचा पत्ता आमच्याच घराचा.

मावशींनी ती सही वाचली. बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखी, पुन्हा वाचली. मग बाकावर बसल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं. मला एकच दिसत होतं: घराच्या बाहेरच्या दाराची किल्ली त्याच्याकडे आहे. जिन्याची आहे. रोज सकाळी मी ज्या दुधाचा चहा पिते, ते तोच आणतो. माझं नाव ओट्यावर कुणी पोचवलं, तेही आता कळलं.

"मावशी, घरी नको जायला. आधी पोलिसांत जाऊ."

"जाऊ. तिथेच जाऊ." त्या उठल्या. ठाण्यात तक्रार दिली. नक्कल हातात होती म्हणून ती घेतली तरी गेली. एका वकीलबाईंनी नगर निगमात, म्हणजे तिथल्या महापालिकेत, हरकतीचा अर्ज लगेच टाकायला सांगितलं, म्हणजे घरपट्टीला घर घेणाऱ्याचं नाव चढणार नाही. तोही दिला. आणि मग घरी जावंच लागलं.

मी कडी वाजवायच्या आधीच दार आतून उघडलं. वासुदेव मिर्झापूरहून परतला होता. "माई, कुठे होतात? मी केव्हाचा वाट बघतोय."

मला वाटलं, मावशी काहीतरी सबब सांगतील, सांगावीच. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. एक हात चौकटीला, दुसऱ्या हाताने पिशवी छातीशी धरलेली.

"वासुदेवा, मला फार डर लागतोय," त्या म्हणाल्या. "तुझाच."

तो हसायचा प्रयत्न करू लागला. "माझा? माई, असं काय..."

"नक्कल काढून आणली. सही चांगली आलीय तुझी. तुझं अक्षर मीच वळवलं होतं ना, पाटीवर. तेव्हा तू 'स' उलटा काढायचास."

वासुदेवचा चेहरा क्षणात म्हाताऱ्यासारखा झाला. तो खाली बसला, दोन्ही हातांत डोकं धरून. "तुम्ही त्या लोकांना ओळखत नाही माई," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तुम्ही ओळखत नाही. मला घाटावरून उचलून नेलं होतं त्यांनी."

"मग तसं सांग ठाण्यात. मी येते तुझ्याबरोबर."

तो गेला नाही. सकाळी पाहिलं तर खालची खोली मोकळी होती, किल्ल्या आत खिळ्याला अडकवलेल्या.

त्यानंतरचा काळ मला आठवतो तो सतत कान टवकारून बसलेला. जिन्यावर पाऊल वाजलं की आम्ही दोघी बोलायचं थांबत असू. मी खोली सोडली नाही. का सोडली नाही, हे मलाही नीट सांगता येणार नाही. पोलीस एकदा येऊन गेल्यावर ओट्यावरची माणसं येईनाशी झाली, पण रिकामा ओटाही बघवत नसे. बैनामा रद्द करण्याचा दावा लागला. मावशी प्रत्येक तारखेला गेल्या. आदल्या दिवसापासून त्यांना जेवण जात नसे, कोर्टाच्या पायऱ्यांवर घाम फुटे, आणि तरी नाव पुकारलं की सगळ्यांत आधी त्याच उठत. अंगठ्याचे ठसे जुळले नाहीत. फोटोतली बाई कधीच सापडली नाही. मावशी मधूनच विचारत, "तिचं काय केलं असेल गं त्यांनी?"

आणि एका तारखेला वासुदेव आला. दाढी वाढलेली, अंगावरचा सदरा ढगळ झालेला. साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून त्याने सगळं सांगितलं: पेन्शनच्या कामासाठी म्हणून माईंचं आधार कार्ड कसं मागून घेतलं, त्याची झेरॉक्स कुणाला दिली, रजिस्ट्रीच्या दिवशी कुणी गाडीत घातलं. बाहेर व्हरांड्यात तो मावशींच्या पायांशी वाकला. त्यांनी पाय मागे घेतले.

"आलास ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पण घरी येऊ नकोस, वासुदेवा. मला तुझा डर अजून लागतो. मी खोटं नाही बोलणार."

बैनामा रद्द झाला. तशी नोंद रजिस्ट्रीत पडल्याचं मावशींनी स्वतः जाऊन पाहिलं. त्या वर्षी माझी बदली पुन्हा महाराष्ट्रात झाली. निरोपाच्या वेळी त्या दारातच थांबल्या, गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या नाहीत. रडू येईल याचाही त्यांना डर वाटत होता, असं म्हणाल्या.

पुढच्या हिवाळ्यात जोशीकाकूंचा फोन आला. मावशी स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर, झोपेतच गेल्या होत्या. मी विचारलं, "अग्नी कुणी दिला?"

"वासुदेवने."

मला क्षणभर रागच आला. "त्याला कुणी बोलावलं?"

"आम्ही नाही गं. गल्लीतले सगळे नकोच म्हणत होते," काकू म्हणाल्या. "पण इंदूताईच मला सांगून ठेवून गेली होती. म्हणाली, मी आहे तोवर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका, मला डर लागतो. गेले की मग बोलवा. तेव्हा नाही लागणार."