डाव्या खिडकीखालचं नाव

व्हर्नेल टिब्स अक्षरं काढायला बसली की दुकानात कुणी शिंकायचं नाही. समोर आगगाडीचं हातभर लांबीचं पितळी इंजिन, हातात चार केसांचा ब्रश, टोकाला फिकट सोनेरी रंगाचा टिपूस. तिळाएवढं अक्षर काढायचं, तेही रिव्हेटांच्या उंचवट्यांवरून. काळजाचा एक ठोका पडला की दुसरा पडायच्या आत रेघ ओढायची, नाहीतर ठोक्यानं मनगट हलतं. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. छापील अक्षरं चिकटवणारे ढिगानं होते, पण तिचं अक्षर त्या पत्र्यातूनच उगवल्यासारखं दिसायचं.

एरवी ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. तोंडाची तिखट. व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या आमच्या गावात छोट्या आगगाड्या बनवणाऱ्या गोऱ्यांचा क्लब होता. तिथं तिला कुणी सभासद करून घेतलं नसतं, पण तिच्याशिवाय त्यांच्या एकाही इंजिनाला नाव लागत नव्हतं.

१९५८ चा नाताळ तोंडावर आला आणि निवृत्त ड्रायव्हर हॉलिस क्रेनशॉ आपलं ४१२ नंबरचं इंजिन घेऊन आला. खरं ४१२ भंगारात गेलं होतं. त्याची ही हुबेहूब प्रतिकृती त्यानं घरी खपून बनवली होती.

"उजव्या खिडकीखाली माझं नाव घाल. खऱ्या इंजिनावर होतं तस्सं."

"आणि डावीकडं?"

"ती फायरमनची बाजू. तिथं काही नसायचं."

"नसायचं, की घालू दिलं नव्हतं?"

क्रेनशॉनं इंजिन टेबलावर ठेवलं आणि निघाला. डावीकडं बसायचा तो व्हर्नेलचा काका, अँब्रोज. जन्मभर त्यानं त्या भट्टीत कोळसा ओढला, घाटात वाफ कशी राखायची ते कोवळ्या क्रेनशॉला शिकवलं. शिकणारा गोरा होता, तो ड्रायव्हर झाला. शिकवणारा काळा होता, तो फायरमनच राहिला. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. असल्या मूग गिळून बसण्यालाच आमच्याकडं सभ्यपणा म्हणतात!

काही दिवसांनी क्रेनशॉ इंजिन न्यायला आला. भिंगातून उजवीकडं आपलं नाव पाहून खुलला. इंजिन फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरला. डाव्या खिडकीखाली होतं, 'ए. टिब्स'.

"हे कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही." व्हर्नेलनं टर्पेंटाइनची चिंधी पुढं सरकवली. "रंग ओला आहे. पुसायचं तर पुसा, पण तुमच्या हातानं. आणि पुसलंत, तर तुमच्या क्लबचं एकही इंजिन या टेबलावर येणार नाही."

"धमकी देतेस?"

"पाट्या रंगवते. वाचायचं काम तुमचं."

त्यानं चिंधी उचलली. पुन्हा भिंग लावलं. त्या इवल्याशा अक्षरांना केसाहून बारीक काळी सावलीही होती. तो बघतच राहिला. मग इंजिन आणि चिंधी, दोन्ही घेऊन निघून गेला.

"पुसणार बघ तो," मागं स्टुलावर बसलेला काका अँब्रोज म्हणाला. "उगाच गिऱ्हाईक घालवलंस, पोरी."

"गेलं तर गेलं, काका."

शनिवारी बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात, दर्शनी काचेमागं क्लबनं रूळ मांडले. गाडी गोल फिरायची, म्हणजे काचेजवळून जाताना इंजिनाची एकच बाजू रस्त्याला दिसणार. काका-पुतणी गर्दीत उभी राहिली. आत क्रेनशॉ गुडघ्यांवर बसून इंजिन रुळावर ठेवत होता. दार उघडंच होतं.

"अरे हॉलिस, उलटं ठेवलंस!" क्लबातला एकजण ओरडला. "तुझं नाव भिंतीकडं गेलं की!"

"मला डोळे आहेत," क्रेनशॉ म्हणाला.

४१२ निघालं. काचेजवळून हळू गेलं, आणि ते सोनेरी नाव झळकलं. व्हर्नेलनं काकाला पुढं ढकललं. काकानं टोपी काढली, नाक काचेला लावलं. पुढच्या फेरीला पुन्हा वाचलं. त्याच्या पुढच्यालाही. मग इंजिन चढावर अडखळलं, तसा तो काचेवर बोटं वाजवत सगळ्या बाजारासमोर गरजला, "हॉलिस! चढाच्या आधी जोर लाव रे! किती वर्षं सांगतोय?"

चारचौघांत काकानं त्या गोऱ्या माणसाला असं 'मिस्टर' न लावता नुसत्या नावानं कधी हाकारलं नव्हतं. आत क्रेनशॉनं मान न वळवता हात वर केला आणि चढ यायच्या आधीच वेगाचा खटका पुढं सरकवला.